माहितीच्या कोठारांवरील पहारा

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन देणारी बुरशी मोठी नाजूक. टाकीतील द्रावणाचे तपमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर साऱ्या टाकीचे काम वाया जाण्याची भीती असते. म्हणून अशा टाकीजवळ तपमापक असतो, तपमापकाशेजारी नोंदवही असते आणि नोंदवहीपाशी पाळीचा माणूस जागा असतो. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, चिंचवड-भोसरीच्या माळावर वाहनांचे, यंत्रांचे व ओतकामाचे कारखाने उभे राहिले आणि कालांतराने हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. लेथच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचे ओळखणारे कारागीर येथे तयार झाले. यंत्रावर लक्ष ठेवण्याची विद्या या भागास नवी नाही.

अलीकडे मात्र याच पट्ट्यात एक निराळ्या जातीचा कारखाना येऊ लागला आहे. त्याला धुराडे नाही, भोंगा नाही आणि त्याच्या फाटकातून मालाने भरलेली गाडीही बाहेर पडत नाही. त्यास डेटा सेंटर म्हणतात. माहितीचे कोठार म्हटले तरी चालेल. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये भारतात तीन ठिकाणी आपली संगणकसेवा सुरू केली, त्यांत पुणे हे एक होते. २०२२ मध्ये याच कंपनीने पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर जमीन सुमारे ३२९ कोटी रुपयांस घेतली. ही झाली मोठी कोठारे. लहान कोठारांची तर गणतीच नाही. सुट्या भागांच्या कारखान्यातील काचेची खोली, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमागील कोंदट खण, एखाद्या कार्यालयातील जिन्याखालचे कपाट, या साऱ्यांत चोवीस तास चालणारी संगणकयंत्रे ठेवलेली असतात आणि तेथे कोणी फारसे डोकावत नाही.

राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. खेड तालुक्यातील शेतकरी पीककर्जासाठी उतारा काढतो, तेव्हा तो कागद अशाच कोठल्या तरी खोलीतून येत असतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आज तलाठी कार्यालयापासून रेशन दुकानापर्यंत सर्वांना पाठ झाले आहेत. त्यामागे कारणे अनेक असतात. कधी तारेचे जाळे तुटलेले असते, कधी एकाच वेळी हजारो लोकांची गर्दी झालेली असते. परंतु उष्णता, दमटपणा, धूळ, वीज आणि झिजलेले सुटे भाग ही कारणे अशी आहेत, की ती येण्यापूर्वी पाहुण्यासारखी वर्दी देतात. ती वर्दी ऐकण्याची साधने कशी निवडावीत, हा आजचा विषय आहे.

९ फेब्रुवारी २०२२ ची पहाट या भागातील पुष्कळांना आठवत असेल. लोणीकंद आणि चाकण येथील ४०० किलोव्होल्टच्या पारेषण यंत्रणेत बिघाड झाला आणि सकाळी सहाच्या सुमारास पुणे शहराचा मोठा भाग, पिंपरी-चिंचवड व चाकण अंधारात गेले. दाट धुक्यामुळे तारमार्ग बंद पडल्याचे त्यावेळी सांगण्यात आले. अशा प्रसंगी संगणकखोलीत काय होते, ते पाहण्याजोगे आहे. संगणकांना यूपीएसची वीज मिळत राहते, म्हणून पडद्यावर सर्व ठीक दिसते. वातानुकूलन यंत्र मात्र लहान ठिकाणी बहुधा यूपीएसवर नसते. जनित्र सुरू होईपर्यंत ते थांबते. म्हणजे चूल पेटलेली आणि खिडकी बंद, अशी स्थिती होते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतील हवेचे वजन साधारण १०० किलोग्रॅम भरते. तीत ५ किलोवॉट वीज खाणारी यंत्रे चालू असतील, तर केवळ हवेचा हिशेब केल्यास तपमान दर मिनिटाला सुमारे ३ अंशांनी चढते. भिंती, फरशी व लोखंडी कपाटे काही उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातील वेग कमी असतो. तरीही दहा-पंधरा मिनिटांत खोली तापते. ज्या साधनाची नोंद तासाला एकदा होते, ते साधन या प्रसंगी निरुपयोगी ठरते. शीतगृहातील बटाट्यांना तासाची नोंद चालेल, येथे ती मिनिटाची हवी.

यावरून साधनांच्या निवडीचे पहिले गमक हाती येते. किंमतपत्रक उघडण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा, की रात्री तीन वाजता इशारा वाजला, तर तो कोणाच्या कानी पडेल आणि तो मनुष्य किती मिनिटांत खोलीपाशी पोचेल? तो अर्ध्या तासात पोचणार असेल, तर साधनाने त्याच्या अर्धा तास आधी बोलले पाहिजे, किंवा माणसाची वाट न पाहता कमी महत्त्वाची यंत्रे क्रमाने बंद केली पाहिजेत. या प्रश्नाचे उत्तर ज्या कार्यालयाजवळ नाही, त्याने लाखो रुपयांची रंगीत पडद्याची यंत्रणा बसवली, तरी ती भिंतीवरील दिनदर्शिकेइतकीच उपयोगी.

आता तपमान मोजावयाचे कोठे? बहुतेक ठिकाणी तपमापक भिंतीवर, दाराजवळ किंवा थेट वातानुकूलन यंत्राखाली टांगलेला दिसतो. तेथे तो २२ अंश दाखवतो आणि सर्वजण निश्चिंत राहतात. यंत्र मात्र भिंतीजवळची हवा पीत नाही, ते आपल्या तोंडासमोरची हवा पीत असते. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेने यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस केलेली आहे, आणि ती रॅकच्या पुढील बाजूस मोजावयाची आहे. रॅकमध्ये खालच्या यंत्रास थंड हवा मिळते. वरच्या यंत्राच्या वाट्यास मागून वळून आलेली गरम हवा येते. म्हणून एका रॅकला खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर असावेत. पैसे एकाचेच असतील, तर तो वर लावावा. याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. २७ अंश चालत असताना खोली १७ अंशांवर ठेवणे म्हणजे विजेचे बिल विनाकारण वाढवणे होय. अंगाला शहारा आला म्हणजे यंत्र सुखी, ही समजूत अजून पुष्कळ कार्यालयांत टिकून आहे.

आर्द्रतेचे गणित पुणे जिल्ह्यात ऋतूप्रमाणे फिरते. एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते, की कपड्यांच्या घर्षणाने निर्माण झालेली स्थिर वीज बोटातून यंत्रावर उतरते. जुलैत दार उघडे राहिले तर थंड पृष्ठभागावर पाणी सुटते. त्यामुळे केवळ सापेक्ष आर्द्रतेच्या टक्केवारीवर न थांबता दवबिंदूही दाखवणारे साधन घ्यावे. वातानुकूलन यंत्राच्या निचऱ्याखाली आणि खोट्या जमिनीखाली पाणी लागताच इशारा देणारी दोरी टाकावी. ही दोरी स्वस्त असते आणि किंमतपत्रकात शेवटच्या पानावर असते, म्हणून ती नेहमी राहून जाते. चाकणसारख्या ठिकाणी कारखान्याच्या कुंपणापलीकडे शेत असते. तेथील उंदीर पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात केबलच्या नळीतून आत येतात. नळीची तोंडे बुजवणे हा त्यावरील साधा उपाय.

या औद्योगिक पट्ट्यात ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि खरे तर सर्वांत अधिक गेले पाहिजे, ती म्हणजे हवेतील वायू. जेथे मुलामा देण्याचे काम चालते, जेथे आम्लाच्या टाक्या आहेत, जेथे सांडपाण्याचा नाला जवळून वाहतो, तेथील हवेत गंधकाची व क्लोरीनची संयुगे सूक्ष्म प्रमाणात असतात. माणसाला फार तर वास येतो. यंत्रातील तांब्याच्या व चांदीच्या केसाहून बारीक रेषा मात्र त्यांनी काळवंडतात आणि खंडित होतात. घरातील चांदीची समई काळी पडते तोच हा प्रकार. फरक एवढाच, की समई चिंचेने घासता येते. युरोपात २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध आले, जोडकामाचे मिश्रधातू बदलले, चांदीचा मुलामा वाढला, आणि ही व्याधी अधिक ठळकपणे दिसू लागली. तिचे निदान मात्र आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. तांब्याची व चांदीची स्वच्छ पट्टी खोलीत साधारण ३० दिवस टांगून ठेवतात आणि नंतर प्रयोगशाळेत तिच्यावरील काजळीची जाडी मोजतात. महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉम यांच्या आत थर चढला, तर हवा सौम्य समजावयाची. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम असतात, यावरून हा थर किती पातळ ते ध्यानी यावे. भोसरी किंवा चाकण येथे नवी संगणकखोली बांधणाऱ्या कोणत्याही संस्थेने जागा नक्की करण्यापूर्वी ही पट्टी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात टांगावी. नंतर लाखोंची गाळणी बसवण्यापेक्षा खोली इमारतीच्या दुसऱ्या बाजूला नेणे कितीतरी स्वस्त पडते.

यंत्रांच्या आतील प्रकृती जाणण्याची सोय बहुतेक सर्व्हरमध्ये मुळातच केलेली असते. पंख्याची गती, वीजपुरवठ्याची अवस्था, आतील तपमान हे सर्व सांगणारा एक छोटा स्वतंत्र संगणक त्यांच्यात बसवलेला असतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही पद्धत १९९८ मध्ये ठरली आणि रेडफिश ही नवी पद्धत २०१५ मध्ये आली. पैसे आधीच मोजलेले असतात, सोय वापरली मात्र जात नाही. तथापि या आतल्या आवाजावरही सर्वस्वी विसंबून चालत नाही. गुगल कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख दोषसूचक मोजमापांपैकी एकातही आधी सूचना दिलेली नव्हती, असे त्यांना आढळले. डिस्क न सांगता जाते हे गृहीत धरूनच दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवावी लागते. ते काम कोणताही सेन्सर करू शकत नाही.

साधने निवडताना एक अडचण भाषेची येते, आणि ती मराठी-इंग्रजीची नव्हे. वीजमापक, जनित्र, शीतकरण यंत्रे ही कारखान्यातील मंडळींच्या ओळखीची. ती मॉडबस ही १९७९ पासूनची भाषा बोलतात, आणि चाकणमधील कोणत्याही वाहन कारखान्याचा देखभाल तंत्रज्ञ ती जाणतो. सर्व्हर आणि जाळ्याची यंत्रे एसएनएमपी ही १९८८ पासूनची भाषा बोलतात, ती संगणक विभागास ठाऊक. दोन विभागांच्या खोल्या वेगळ्या, वह्या वेगळ्या, वरिष्ठ वेगळे. जनित्राच्या स्टार्टरची बॅटरी मेलेली आहे हे वीज विभागाला माहीत असते आणि त्याच आठवड्यात संगणक विभाग नवा सर्व्हर चढवत असतो. जनित्र ऐन वेळी सुरू न होण्याच्या कारणांत ही बॅटरी नेहमी अग्रभागी असते. तेव्हा दोन्ही भाषा समजणारे आणि दोन्ही विभागांस एकच पडदा दाखवणारे साधन हवे. एखाद्या उत्पादकाची केवळ स्वतःच्याच यंत्राशी बोलणारी बंदिस्त पेटी घेतली, तर पाच वर्षांनी दुसऱ्या उत्पादकाचे यूपीएस आले की ती मुकी होते.

बॅटऱ्यांचा विषय निघाला आहे, तर तेथे थोडे थांबणे योग्य होईल. शिशाच्या बंदिस्त बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक ८ ते १० अंशांना साधारण निम्मे होते. म्हणून सर्व्हर थंड खोलीत आणि बॅटऱ्या गच्चीखालील तापलेल्या खोलीत, ही मांडणी महागात पडते. लिथियम बॅटरी लहान व टिकाऊ असते, पण पेटली तर विझवण्यास फार कठीण. दक्षिण कोरियात १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पांग्यो येथील डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि काकाओ ही देशभर वापरली जाणारी संदेशसेवा बंद पडली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच देशात देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली; शासनाच्या ६०० हून अधिक संगणक प्रणाली थांबल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे कामकाजाचे कागद ज्या कोठारात होते, त्याची दुसरी प्रत नसल्याने ते नष्ट झाले. मंत्रालयाच्या २१ जून २०१२ च्या आगीत जळालेल्या फायली ज्यांनी पाहिल्या, त्यांना या हानीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. बॅटरीखोलीत प्रत्येक बॅटरीचे तपमान व अंतर्गत रोध मोजणारे साधन आणि धूर अगदी आरंभीच हुंगणारी नळी, या दोन्हींसाठी अंदाजपत्रकात जागा असावी, मग पडद्याचा आकार लहान ठेवावा लागला तरी हरकत नाही.

उन्हाळ्याचीही एक गोष्ट आहे. लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी पारा ४० अंशांवर गेला आणि गाईज अँड सेंट थॉमस या नामांकित रुग्णालय-संस्थेची दोन्ही डेटा सेंटरे उष्णतेने बंद पडली; डॉक्टरांना कागदावर काम करावे लागले आणि काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तेथे तो विक्रमी दिवस होता. पुणे जिल्ह्यात असे दिवस एप्रिल-मे महिन्यांत येतच असतात. परदेशी यंत्रणेच्या पत्रकात बाहेरील तपमानाची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असेल, तर ते पत्रक तेथेच मिटवावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत पैसा हा मोठा अडथळा राहिलेला नाही. १९९९ पासूनचे नागिऑस, लाटव्हिया देशात जन्मलेले झॅबिक्स, २०१२ मधील प्रोमेथिअस आणि त्याच्या नोंदी आलेखरूपाने दाखवणारे २०१४ मधील ग्राफाना, ही मोफत मिळतात व जगभर वापरात आहेत. त्यांना लागतो तो जाणता माणूस. विकत मिळणाऱ्या यंत्रणेत तो माणूस काही अंशी विक्रेता पुरवतो, परंतु पुष्कळदा प्रत्येक सेन्सरमागे वार्षिक शुल्क असते. ज्या संस्थेत एक स्थिर, शिकण्याची आवड असलेला तंत्रज्ञ आहे, तिने मोफत साधन घ्यावे; जेथे दरवर्षी कंत्राटी कर्मचारी बदलतो, तेथे विकतचेच बरे. निविदेत मात्र काही गोष्टी शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. अचूकता अर्ध्या अंशाची असावी, सेन्सरला कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र असावे, भाषा खुली असावी आणि जमलेल्या नोंदी संस्थेच्याच मालकीच्या राहाव्यात. या अटी नसल्या की लघुतम दराची निविदा स्वीकारणे अधिकाऱ्यास भागच पडते आणि मग स्वस्त सेन्सर दोन वर्षांत चार अंश खोटे बोलू लागतो. वाहन उद्योगामुळे तपमापक तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा या भागात हाताशी आहेत.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने आणखी एक मापक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे पाण्याचे. काही डेटा सेंटरे पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड ठेवतात. एक मेगावॉट उष्णता सर्वस्वी याच रीतीने बाहेर टाकावयाची झाल्यास दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी हवेत जाते. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या मापाने हे सहाशेहून अधिक माणसांचे पाणी झाले. हवेने थंड करणारी यंत्रे पाणी वाचवतात, पण वीज अधिक खातात. असा प्रकल्प गावच्या हद्दीलगत येत असेल, तर वीज व पाणी यांचे मापक कोठे असतील आणि त्यांच्या मासिक नोंदी ग्रामसभेला मिळतील काय, हे ना-हरकत दाखल्याच्या वेळीच विचारलेले बरे.

शाळा व महाविद्यालयांना यातील फार थोडे पुरते. काही शे रुपयांचा तपमान व आर्द्रता दाखवणारा अंकयंत्री मापक रॅकच्या वरच्या भागी पुढून अडकवावा, यूपीएसचा इशारा शिपायालाही समजेल असा करावा आणि दुपारी दोन वाजता एका विद्यार्थ्याकडून नोंद घ्यावी. विज्ञानाच्या शिक्षकास त्यात वर्षभराचा आलेख शिकवण्याचे साहित्यही मिळते.

इशाऱ्यांची संख्या थोडी असावी. दिवसाला शंभर संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेचा आवाज आठवड्याभरात बंद केला जातो आणि खरा संदेश त्यातच बुडतो. दोन पायऱ्या पुरतात. पहिली सकाळी कार्यालयात येऊन पाहण्याची, दुसरी झोपेतून उठवणारी. दुसऱ्या पायरीवर दहाहून अधिक कारणे लिहिली गेली असतील, तर ती यादी पुन्हा तपासावी. यंत्रणा बसवल्यावर ठेकेदाराची शेवटची देयके देण्यापूर्वी, आणि पुढे दर तीन महिन्यांनी, तिची परीक्षा घ्यावी. एखाद्या रविवारी रात्री, कोणास न सांगता, केस वाळवण्याचे यंत्र सेन्सरसमोर धरावे. मग वहीत तीन रकाने भरावेत. संदेश किती वाजता गेला, फोन कोणी उचलला आणि खोलीपाशी माणूस केव्हा पोचला. बदली झालेल्या किंवा रजेवर गेलेल्या तंत्रज्ञाचा क्रमांक काढून नवा घालण्याचे काम कोणाकडे आहे, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर नावानिशी लिहिलेले असावे.